नळीतलं पाणी: सीपॅप मशीन पहाटे गुडगुडायला लागतं तेव्हा

पेपरात निफाडचा पारा छापून यायला लागला की आमच्या बेडरूममध्ये हुक्का सुरू होतो. पहाटे चारच्या सुमाराला आधी बारीक गुडगुड, मग कोणी स्ट्रॉने सरबताचा तळ ओढावा तसा आवाज, आणि मग हे ताडकन उठून बसतात. मास्क ओढून काढतात, नाक पुसतात, आणि अंधारात माझ्याकडे असं बघतात जणू मीच तांब्याने पाणी ओतलं.

यांना सीपॅप मशीन लागून आता पाचवा हिवाळा. आम्ही नाशिकला राहतो, घर तळमजल्यावर, झोपायची खोली उत्तरेकडची, त्यामुळे थंडी जरा जास्तच लागते. नोव्हेंबरच्या शेवटी हा पाण्याचा त्रास सुरू होतो, फेब्रुवारीत आपोआप थांबतो, आणि मधल्या महिन्यांत गेल्या वेळी काय उपाय लागू पडला होता ते आम्ही साफ विसरून जातो. म्हणून या वेळी लिहून काढलं. मी अठ्ठावीस वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं आहे, तेव्हा थोडी मास्तरकी सहन करा.

ज्यांच्या घरी मशीन नुकतंच आलंय त्यांच्यासाठी चार ओळी. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि काही जणांची श्वासाची वाटच मिटते. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, मेंदू दचकवतो, माणूस अर्धवट जागा होतो, मोठ्ठा श्वास घेतो आणि पुन्हा घोरायला लागतो. तासाला असे प्रकार किती होतात त्या आकड्याला एएचआय म्हणतात. पाचच्या आत असेल तर ठीक, तीसच्या वर गंभीर. यांचा 41 होता. सीपॅप म्हणजे ती वाट उघडी राहील एवढ्या दाबाने नाकात सतत हवा सोडणारा पंखा. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी या उपचाराचा पहिला अहवाल 1981 साली प्रसिद्ध केला, आणि त्यांचं सुरुवातीचं यंत्र व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालायचं. आमच्याकडे मात्र घोरणं म्हणजे गाढ झोप अशीच समजूत होती. फेब्रुवारी 2022 मध्ये बप्पी लाहिरी गेले, डॉक्टरांनी कारण सांगताना ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया हे नाव घेतलं, आणि त्या आठवड्यात मी यांना ओढत तपासणीला नेलं.

आता पाण्याकडे. नाक कोरडं पडू नये म्हणून मशीनला पाण्याची एक छोटी टाकी असते, खालून तापणारी. हाच ह्युमिडिफायर. त्यावरून गेलेली हवा नळीतून मास्ककडे येते.

आधी आम्ही काय चुकलो

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच केला. टाकीत पाणी अर्धंच भरलं. नळीत पाणी येतंय ना, मग मुळात पाणीच कमी! पण वाफ किती होणार हे टाकी किती भरली यावर ठरत नाही, टाकीखालची पट्टी किती तापते यावर ठरतं. झालं एवढंच की चार वाजेपर्यंत गुडगुड तशीच आणि साडेचारनंतर टाकी कोरडी ठणठणीत. सकाळी नाकात रक्ताची खपली.

दुसरी चूक आमची नव्हती, पण दोन महिने लक्षात आली नाही ही आमचीच. मशीन पोचवायला आलेल्या मुलाने ते उशालगतच्या कपाटाच्या वरच्या फळीवर मांडलं होतं. "मॅडम, इथे हाताशीही राहील आणि छानही दिसेल." दिसत होतं छान. पण नळीत जमलेला प्रत्येक थेंब तिथून घरंगळत थेट यांच्या नाकात यायचा. पाणी उताराकडे धावतं हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, आणि स्वतःच्या पलंगाशी मला ते दिसलं नाही.

तिसरी चूक फोनवरच्या सल्ल्याची. नाक कोरडं पडतंय असं सर्व्हिसवाल्याला सांगितलं, तर त्याने ह्युमिडिफायरचा आकडा वाढवायला सांगितलं. चारवरून सातवर नेला. त्या रात्री हुक्का नव्हता, नळ सुटला होता.

घाम कशाला सुटतो

गरम पोळ्या डब्यात भरून लगेच झाकण लावलं की झाकणाला आतून घाम सुटतो आणि वरच्या दोन पोळ्या ओल्या होतात. नळीत हेच होतं. ह्युमिडिफायर हवा कोमट आणि दमट करून नळीत सोडतो. 27 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण 26 ग्रॅम वाफ मावते. हीच हवा 12 अंशांपर्यंत थंड झाली तर जेमतेम 11 ग्रॅम. उरलेली वाफ जाणार कुठे? नळीच्या भिंतीवर बसते, थेंब होतात, थेंबांची धार होते, आणि नळी जिथे खाली लोंबते तिथे डबकं साचतं.

एवढंसं पाणी असेल असं वाटतं. हिशेब करून बघा. मास्कला उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रं असतात, त्यांतून मिनिटाला तीसेक लिटर हवा सतत बाहेर पडत असते, दाबाप्रमाणे कमी-जास्त. आठ तासांत नळीतून 14 घनमीटरच्या वर हवा वाहते. प्रत्येक घनमीटरमागे फक्त चार ग्रॅम पाणी सुटलं तरी रात्रीत 55-60 ग्रॅम. पोह्याच्या चमच्याने नव्हे, वाढायच्या चमच्याने मोजायचं पाणी आहे हे.

आणि नुसता आवाजाचा प्रश्न नाही. ऑटो मशीन, म्हणजे दाब आपोआप कमी-जास्त करणारं, हवेच्या प्रवाहातल्या चढउतारांवरून श्वास ओळखतं. मध्येच डबकं डुचमळत असेल तर दाब हेलकावे खातो, मशीन गोंधळतं, आणि झोपलेल्या माणसाला हवा झटक्याझटक्याने लागते. थेंब नाकात गेला की ठसका. असे चार ठसके झाले की माणूस मास्क उशीखाली सरकवून झोपून जातो, आणि खरा धोका तो. मशीन बिघडलं म्हणून नव्हे, पाण्याला वैतागून लोक उपचार सोडतात. आमच्या ओळखीत दोघांनी सोडलाय.

पाणी किती वाजता आणि कुठे?

उपाय करण्याआधी दोन रात्री नुसतं बघा. मी मोबाईलचा टॉर्च लावून बघायचे, वेळ वहीत लिहायचे. हे म्हणायचे, "चौकशी समिती बसली."

पहाटे तीन ते सहाच्या मध्ये पाणी येत असेल तर कारण खोलीची थंडी, कारण खोली तेव्हाच सगळ्यात गार असते. उन्हाळ्यात एसी 18 वर ठेवणाऱ्यांच्या घरी हेच मे महिन्यात घडतं, त्यांना निफाडची गरज नाही. मास्क लावल्या लावल्या गुडगुड आली तर नळी धुऊन नीट वाळलेली नाही, किंवा टाकी खुणेच्या वर भरली आहे. रात्री बाथरूमला उठून आल्यावर येत असेल तर उठताना नळीचा हिसका बसून मशीन कलंडतंय का ते बघा. बारा महिने, थंडी असो नसो, पाणी येत असेल तर ह्युमिडिफायरचा आकडाच तुमच्या गावच्या हवेला जास्त आहे. माझी नणंद चिपळूणला असते, तिच्या यजमानांनाही हेच मशीन. पावसाळ्यात तिथल्या हवेलाच इतका ओलावा, की डॉक्टरांना विचारून ते जून ते सप्टेंबर ह्युमिडिफायर बंदच ठेवतात. त्यांचा त्रास वेगळा, नळीला बुरशीचा वास येतो.

आणि नळी कोरडी, पण फक्त मास्कच्या आत थेंब असतील, तर ते बरचसं माणसाच्या स्वतःच्या श्वासातलं पाणी. चष्म्यावर वाफ धरते तसं. तिथे मशीनशी खेळू नका, नाकाच्या टोकाला गार वारा कुठून लागतोय ते शोधा. आमच्याकडे खिडकीची एक काच नीट बसत नव्हती.

काय केलं, कोणत्या क्रमाने

एका रात्री एकच बदल करा. सगळं एकदम बदललं तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

आधी जागा. मशीन पलंगाच्या गादीपेक्षा खाली, सपाट आणि न हलणाऱ्या स्टुलावर. जमिनीवर नको, तिथे धूळ आणि आमच्याकडे मुंग्या. असं ठेवलं की नळीतलं पाणी घरंगळून परत टाकीकडे जातं. नळीला मध्ये झोळ पडू देऊ नका. आम्ही पलंगाच्या पाठीला पडद्याचा हूक ठोकला आणि नळी त्यावरून घेतली. तिथून मास्ककडे थोडासाच भाग उरतो, बाकीचा उतार मशीनकडे. निम्मा त्रास या एका हुकाने गेला, खर्च पंधरा रुपये.

मग आकडा. ह्युमिडिफायर एक घर खाली आणा, दोन रात्री थांबा, नाक कोरडं पडत नसेल आणि पाणी येतच असेल तर आणखी एक. यांना जानेवारीत तीन लागतो, मार्चमध्ये पाच. हा आकडा घरच्यांनी बदलायचाच असतो. दाबाचा आकडा मात्र डॉक्टरांचा. इंटरनेटवर डॉक्टरांच्या मेन्यूत शिरायची किल्ली सापडते, आमच्या जावयाने ती शोधूनही काढली होती. मी हात लावू दिला नाही. दाब 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याच्या मापात असतो आणि तो झोपेच्या तपासणीवरून ठरवतात, अंदाजाने नव्हे.

तरीही थेंब राहिले तर नळीला पांघरूण. साधी, न तापणारी नळी असेल तर ती गोधडीखालून घेतली तरी फरक पडतो, पण रात्री कूस बदलताना ती निघते. म्हणून मी पिशवी शिवली. नळी जवळपास दोन वार लांब. जुन्या सुती लुगड्याची बारा सेंटिमीटर रुंद पट्टी, आतून यांच्या विरलेल्या फ्लॅनेलच्या शर्टाचा थर, आणि लांबीला टिचबटणं, म्हणजे दर आठवड्याला काढून धुता येते. मास्ककडे वीतभर नळी उघडी सोडली, म्हणजे पिशवी सरकून छिद्रांवर येत नाही. मशीनकडेही थोडी सोडली. मशीनवर काहीही घालायचं नाही, त्याची हवा आत घ्यायची जाळी मोकळी हवी. माझ्या जावेने मायेपोटी मशीनसाठी क्रोशाचं झाकण पाठवलं होतं, ते आता मिक्सरवर आहे.

आतून तार असलेली तापणारी नळी मिळते, तो खरा उपाय. हवा शेवटपर्यंत कोमट राहते, घाम सुटायला कारणच उरत नाही. पण ती तुमच्याच मॉडेलची हवी, आणि तिच्यावर पिशवी किंवा रजई घालू नका. आधीच तापणाऱ्या वस्तूवर पांघरूण घालायचं नसतं. आम्ही ती तिसऱ्या हिवाळ्यात मागवली, महिनाभर सुख होतं, मग यांनी नळीला मधोमध घडी घालून बॅगेत कोंबली आणि आतली तार तुटली. पुन्हा लुगडं.

खोली गरम करणं हाही मार्ग, पण एक गोष्ट कळवळून सांगते. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. मशीन खोलीतलीच हवा ओढून देतं, आणि त्याचा फिल्टर धूळ अडवतो, वायू अडवत नाही. डास मारायची कॉइल, धूप, उदबत्ती यांचंही तेच, झोपायच्या खोलीत नकोत. आमच्याकडे आता मच्छरदाणी. फिल्टर मी दर महिन्याला उजेडात धरून बघते. पुस्तिकेत सहा महिने लिहिलेत, पण आमच्या रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा तो तीन आठवड्यांत राखाडी झाला होता. बहुतेक मॉडेलचा साधा फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो.

टाकीत कोणतं पाणी

डिस्टिल्ड वॉटर. आमच्याकडे बोअरचं पाणी, ते एकदा नाइलाजाने आठवडाभर वापरलं तर टाकीच्या तळाला पांढरी साय धरली. क्षार वाफेबरोबर जात नाहीत, मागे राहतात. पाण्यातले जंतू हा दुसरा मुद्दा. नळाचं पाणी पोटात गेलं तर आम्ल बघून घेतं, पण रोज रात्री कोमट करून नाकाशी नेण्याचं पाणी वेगळं. प्रवासात डिस्टिल्ड मिळालं नाही तर मी पाणी उकळून, गार करून, एक-दोन दिवस भागवते, आणि घरी आल्यावर टाकी घासते.

इनव्हर्टरच्या बॅटरीसाठी जे डिस्टिल्ड म्हणून मिळतं ते घेऊ नका. ते बॅटरीच्या प्लेटांसाठी असतं, माणसाच्या फुफ्फुसांसाठी नाही, आणि कॅन कसला वापरलाय कोण जाणे. शिवाय त्याच दुकानात, तसल्याच कॅनमध्ये बॅटरीचं अ‍ॅसिडही असतं. औषधाच्या दुकानातून सीलबंद बाटली आणा. टाकीत निलगिरीचं तेल, कापूर, पेपरमिंटचे थेंब, गुलाबपाणी असलं काहीही नाही. सर्दी झाली तर वाफारा वेगळा घ्या.

रोज सकाळी टाकी ओतून, विसळून, उघडी ठेवायची. उरलेल्या पाण्यात रात्री नवीन पाणी वाढवायचं नाही, हे सगळ्यात जास्त मोडलं जाणारं पथ्य. पट्टी गरम असते, मशीन बंद केल्यावर दहा मिनिटं थांबा, प्लग काढा, मग टाकी ओढा. आठवड्यातून एकदा नळी आणि टाकी कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाने, मास्कची गादी मात्र रोज. नळी न्हाणीत दांडीवर दोन्ही तोंडं खाली करून सावलीत लोंबत ठेवते, उन्हात नाही, उन्हाने प्लास्टिक कडक होतं. साय धरलीच तर आमच्या पुस्तिकेत टाकीसाठी एक भाग व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी दिलंय. डेटॉल, ब्लीच, स्पिरिट नको. त्याचा वास धुतला तरी राहतो, आणि तुम्ही तो आठ तास हुंगता.

ओझोन वायूने मशीन स्वच्छ करणारी पेटी मिळते, ती आम्हाला लेकीने भेट द्यायची ठरवली होती. नको म्हटलं. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2020 मध्येच अशा पेट्यांबद्दल सावध केलं होतं. पुढे जून 2021 मध्ये फिलिप्सने आपली लाखो मशीन परत बोलावली, कारण आवाज दाबायला आत घातलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू हवेत येण्याचा धोका होता, आणि ओझोनने तो आणखी लवकर झिजू शकतो असं निघालं. म्हणून कोणी जुनं मशीन स्वस्तात देत असेल तर आधी मॉडेल आणि सीरियल नंबर कंपनीकडे तपासा. दाब तर दुसऱ्याच्या घशासाठी लावलेला असतो, तो वेगळाच.

पाण्यापायी झालेले अपघात

गेल्या वर्षी चिपळूणला निघताना यांनी मशीन टाकीसकट पिशवीत घातलं. टाकीत आदल्या रात्रीचं पेलाभर पाणी. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत ते सगळं मोटरीत. पोचल्यावर हे सुरू करून बघणार होते, "वाळलं असेल एव्हाना." मी प्लग हातातून काढून घेतला. मशीनच्या पोटात पाणी गेलंय अशी शंका आली तरी ते वीजेला जोडायचं नाही, सरळ सर्व्हिसला. चार रात्री यांनी आरामखुर्चीत टेकून, कुशीवर काढल्या, आणि मी जागून. तेव्हापासून टाकी वेगळी, रुमालात गुंडाळून. घरातल्या घरात मशीन हलवायचं असेल तरी आधी टाकी बाहेर.

वायर जोडायचा बोर्ड मशीनच्या खाली जमिनीवर ठेवू नका, भरताना सांडलेलं पाणी तिथेच जातं. आमचा आता भिंतीला, स्टुलापेक्षा वर. इनव्हर्टर असेल तर साइन वेव्ह आहे का विचारा, आणि लाइट गेली असताना ह्युमिडिफायर व नळीचा हीटर बंद करा, सगळ्यात जास्त वीज तेच खातात. इनव्हर्टर नसेल आणि मशीन थांबलं, तर मास्क काढून टाका. पूर्ण तोंडाच्या मास्कला मशीन थांबल्यावर बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, पण तिच्या भरवशावर झोपून राहायचं नाही. नळीत स्वतःचाच सोडलेला श्वास परत येत राहतो.

छिद्रांचं तर स्वतंत्र सांगायला हवं. आमच्या मजल्यावरचे एक काका, त्यांच्या मास्कच्या छिद्रांचा गार झोत काकूंच्या कानाला लागायचा. त्यांनी छिद्रांवर चिकटपट्टी लावली. वर त्यांना वाटलं, हवाही वाया जात नाही! तीन दिवस सकाळी डोकं जड, मळमळ. मी सहज बघायला गेले तेव्हा पट्टी दिसली. ती छिद्रं गळती नाही, उच्छ्वास बाहेर जायचा दरवाजा आहे. तो बंद केला की कार्बन डायऑक्साइड मास्कमध्ये साचतो. झोत लागत असेल तर काकूंनी कूस बदलावी किंवा मध्ये उशी ठेवावी.

आणखी दोन गोष्टी घाईत. काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या कळ्या असतात. घालणाऱ्याला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर किंवा शरीरात धातूचं रोपण असेल तर तसला मास्क घेऊ नका, साध्या हुकांचा मागा. आणि मशीनला ऑक्सिजन जोडलेला असेल तर आधी मशीन सुरू, मग ऑक्सिजन. बंद करताना उलटं. त्या खोलीत निरांजनसुद्धा नाही.

नळीतलं पाणी म्हणून ज्याकडे दुर्लक्ष करू नये असंही काही असतं. घट्ट पिवळा-हिरवा कफ आणि ताप, सायनस किंवा कान ठणकणं, वारंवार घोळणा फुटणं, छातीत दुखणं, डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून पाण्यासारखं गळणं, यांपैकी काहीही झालं तर मशीन चालू ठेवायचं की नाही ते डॉक्टरांना विचारूनच. उलटी होण्यासारखं वाटत असेल तर मास्क लावून झोपूच नका. दिवसा पुन्हा पेंग यायला लागली, तर गाडी चालवणं बंद आणि मशीनच्या पडद्यावरचा एएचआय बघणं सुरू. पाचच्या वर सतत जात असेल तर तो कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना "बरं वाटत नाही" यापेक्षा आकडा जास्त सांगतो.

सगळं करूनही टाकी पहाटेच रिकामी?

मग पाणी नुसतं नळीत नाही, खोलीतही जातंय. म्हणजे मास्क गळतोय. हवा कडेने निसटली की मशीन दाब टिकवायला आणखी हवा ढकलतं, जास्त हवा म्हणजे टाकीतली जास्त वाफ, म्हणून टाकीही लवकर आटते आणि नळीलाही जास्त घाम. आमच्या मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे मिनिटाला 24 लिटरच्या आत गळती असेल तर चालतं. यांची एका हिवाळ्यात 38 पर्यंत गेली होती.

पट्टे आवळले. सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ, आणि गळती 40. जास्त आवळलं की सिलिकॉनची गादी चुरगळते आणि उलट जास्त गळते. पट्टे सैल करून, आडवं पडून, मशीन चालू असताना मास्क चेहऱ्यापासून जरासा उचलून परत बसवायचा, म्हणजे गादी हवेने फुगून नीट बसते. बसून मापलेला मास्क आडवं झाल्यावर बसत नाही, कारण गाल खाली ओघळतात. कवळी काढून झोपत असाल तर कवळी काढूनच माप घ्या.

तरी गळती 30 च्या खाली येईना. मग एकदा मी गादीवर बोट फिरवलं, तर चिकट. हे रात्री झोपताना थंडीने चेहरा फुटतो म्हणून खोबरेल तेल लावायचे, तेही भरपूर, आईने लावावं तसं. तेलावर सिलिकॉन घसरतो, आणि तेलाने तो लवकर खराबही होतो. तेल आता सकाळी आंघोळीनंतर. रात्री साबणाने चेहरा धुऊन, पुसून, मगच मास्क. गळती त्याच रात्री 13.

त्यातलीही निम्मी मिशांची आहे, हे नाकाखाली हात धरला की कळतं. मी कात्री घेऊन एकदा गेले होते. चाळीस वर्षांची मिशी आहे, म्हणाले, मशीन नंतर आलं. शेवटी नाकपुड्यांत बसणारा मास्क आणला, गादी मिशांच्या वर टेकते. कालच्या रात्रीची गळती 6, टाकीत सकाळी दोन बोटं पाणी शिल्लक.